पानाच्या अलीकडे

१

मिलचा पहिला भोंगा व्हायच्या आत दाक्षायणी परसात उतरायची. स्टँडचे पाय ओल्या मातीत नीट रुतवायची, त्यावर कॅमेरा चढवायची आणि पूर्वेकडे तोंड करून उभी राहायची. परसाच्या त्या कडेला तिच्या आईने, गंगम्माने, बांबूच्या ताटीवर भोपळ्याचा वेल चढवला होता. वेलाच्या मागे जमीनच नव्हती. तिथून सरळ खाली जुनी दगडाची खाण होती. तळाशी हिरवं पाणी, कडेने वेड्या बाभळी. खाणीवर नुसतं आभाळ. त्यामुळे सूर्य वर आला की मध्ये ना भिंत, ना झाड. कोवळं ऊन थेट वेलाच्या पाठीवर यायचं.

दाक्षायणीला हवं असायचं ते एवढंच. फोटो काढणारा माणूस सूर्य पाठीशी घेतो, ती सूर्य समोर घ्यायची. मध्ये पान. मग ते पान हिरवं राहायचं नाही, दिव्यासारखं पेटायचं. शिरा न् शिरा वेगळी दिसायची आणि कडेवरची बारीक लव रुपेरी होऊन उभी राहायची. ती सोलापूरच्याच एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होती, हजार वेळा फळ्यावर पानाची आकृती काढली होती; पण असं पान तिने पहिल्यांदा बघितलं ते जुन्या बाजारातून घेतलेल्या या जर्मन कॅमेऱ्यातून. भिंगापुढे नळ्या जोडल्या की कॅमेरा पानाच्या वीतभर जवळ न्यावा लागे आणि भोपळ्याचं एक पान सगळी चौकट भरून टाकी.

बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन-तीन वर्षांनी पाऊस मनासारखा झाला होता. वेल माजला होता. पुण्याच्या एका संस्थेने दिवाळीच्या सुट्टीत तिच्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं कबूल केलं होतं. ही बातमी कळल्यावर विभागप्रमुख हसून म्हणाले होते, "मॅडम, पानं बघायला पुण्याचे लोक तिकीट काढतील?" दुसऱ्या दिवसापासून ती अर्धा तास आधी उठायला लागली.

गंगम्मा तिच्या मागे बाजेवर बसलेली असायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. दिवाळीनंतर शस्त्रक्रिया ठरली होती. तोवर तिला माणसं दिसत नव्हती. उजेड दिसायचा आणि उजेडात हलणारं काळं काही. तरी हाताने शेंगा सोलायची, अंदाजाने सूप भरायची. माहेर अक्कलकोटकडचं, त्यामुळे बोलणं अर्धं कन्नड, अर्धं मराठी.

"दाक्षी, चहा निवतोय की गं."

"सूर्य थांबत नाही, अव्वा. चहा थांबेल."

"सूर्य उद्याबी येतोय."

"उद्या पान दुसरं असेल."

गंगम्मा हसायची. शेजारच्या गल्लीत यंत्रमाग सुरू व्हायचे, त्यांची खटखट भिंतीतून यायची, आणि त्या तालावर दाक्षायणी एकेक फोटो काढायची. उन्हाची तिरीप डोळ्यांत जाऊ नये म्हणून ती डोक्यावरून काळं कापड घ्यायची आणि कॅमेरा हलू नये म्हणून बटणाला जोडलेली केबल दाबायची. तो तास तिच्या दिवसातला सगळ्यात सुखाचा.

२

रोल धुवायला ती सात रस्त्याजवळच्या मल्लप्पाच्या स्टुडिओत द्यायची. मल्लप्पा तिच्या धाकट्या भावाचा शाळासोबती. भाऊ नोकरीनिमित्त मद्रासला गेला, पण मल्लप्पा अजून तिला अक्काच म्हणायचा. लग्नांचे आणि पासपोर्टचे फोटो काढून तो कंटाळला होता. दाक्षायणीची पानं धुताना त्याला हुरूप यायचा.

त्या दिवशी त्याने ओले फोटो चिमट्याला टांगले होते. त्यातला एक काढून त्याने तिच्यापुढे धरला.

"अक्का, ह्यात आईंचा हात आलाय वाटतं."

पान सुरेख आलं होतं. फक्त खालच्या कडेला चार काळपट डाग होते, ओळीत, जवळजवळ. बोटांची पेरं जशी उमटतात तसे. कुणीतरी पान मागून हलकेच धरावं आणि बोटांची सावली पानातून इकडे दिसावी, तसं.

"अव्वा माझ्या मागे होती," दाक्षायणी म्हणाली.

"मग तुमचाच असेल."

"माझा एक हात कॅमेऱ्याला, एक केबलवर." तिने फोटो खिडकीकडे नेला. "आणि मल्लप्पा, मी किंवा अव्वा असतो तर हात पानाच्या अलीकडे आला असता. हा पलीकडे आहे. सूर्य आणि पान यांच्या मध्ये. त्याशिवाय सावली पानावर अशी पडत नाही."

"मग पलीकडून कुणी धरलं असेल."

"पलीकडे खाण आहे."

मल्लप्पाने मान हलवली. "मग रसायनाचा डाग. माझीच चूक, अक्का. पुन्हा काढून देतो."

त्याने त्याच निगेटिव्हवरून दुसरी प्रत काढली. दाक्षायणी लाल दिव्याच्या त्या कोंदट खोलीत त्याच्या शेजारी उभी राहिली. ट्रेमधल्या रसायनात कागद हलत होता. आधी शिरा उमटल्या, मग कड, मग ते चार डाग. होते तिथेच, तेवढेच. डाग कागदावर नव्हता, निगेटिव्हमध्ये होता.

"पानालाच रोग पडला असेल," दाक्षायणी म्हणाली. "बुरशी. काळे ठिपके पडतात."

ते तिला स्वतःलाही पटलं. घरी जाऊन तिने ते पान शोधलं. कडेला किडीने कुरतडलेली एक खूण होती, तिच्यावरून ओळखता आलं. पान निरोगी होतं. वरून, खालून, कुठेच डाग नव्हता.

३

पुढचे काही दिवस तिने जे केलं ते एखाद्या प्रयोगासारखं केलं. भिंग पुसलं. कॅमेरा उघडून आत फुंकर मारली. ताटीच्या टोकाशी जाऊन, बांबूला धरून, वाकून मागे पाहिलं. वेलाला लागूनच कडा तुटत होता. मांजराला चालायलाही तिथे जागा नव्हती. खालून दगडावर धुणं आपटल्याचा आवाज येत होता, पण तो पार पलीकडच्या काठावरून.

नवा रोल घालून ती उभी राहिली. आता ती फक्त पान बघत नव्हती, पानामागचंही बघत होती. चौकटीत काही वावगं नव्हतं. पान पेटलेलं, स्वच्छ. तिने केबल दाबली. खट्.

आणि तिच्या लक्षात आलं की तो एक क्षण तिला कधीच दिसत नाही. या कॅमेऱ्यात बटण दाबलं की आतला आरसा वर उचलला जातो. चौकट काळी होते. फोटो निघतो नेमका तेव्हा काढणारा आंधळा असतो. इतकी वर्षं तिला याचं काही वाटलं नव्हतं. आज वाटलं. फिल्मला जे दिसतं ते तिला दिसत नाही. तिला दिसतं ते फक्त आधीचं आणि नंतरचं.

तेवढ्यात लाइट गेली. माग थांबले. सोलापुरात मागांची खटखट थांबली की कानात दडे बसल्यासारखं होतं. त्या शांततेत वेल सळसळला. वारा नव्हता. दुसरी पानं जागच्या जागी होती. एकच पान, तिच्या समोरचं, हळूच मागे गेलं आणि पुन्हा आपल्या जागी आलं.

"बर्री," गंगम्मा मागून म्हणाली. या म्हणाली.

दाक्षायणी वळली. "कुणाला बोलावतेस, अव्वा?"

"कोण की. उभं हाय तितं वेलापाशी." गंगम्माने सोललेली शेंग सुपात टाकली. "मला कुटं दिसतंय? काळं हाललं म्हणून म्हनलं. तू न्हवंस व्हय ती?"

"मीच होते," दाक्षायणी म्हणाली.

पण दाक्षायणी आईच्या उजव्या हाताला उभी होती, आणि गंगम्मा बघत होती डावीकडे.

४

तो रोल मल्लप्पाने एका बैठकीत धुतला. ती गेली तेव्हा त्याने दुकानाचं पुढचं दार लोटून घेतलं होतं. पट्ट्यापट्ट्यांच्या पडद्यामागे, जिथे नवरानवरीला उभं करायचा तिथे, जमिनीवर त्याने फोटो क्रमाने मांडले होते. तो बाजूला सरला.

पहिल्या फोटोत डाग पानाच्या कडेला होते. दुसऱ्यात ते आत सरकले होते आणि डाग म्हणण्यात आता अर्थ नव्हता. ती बोटं होती. लांब, पेरं स्पष्ट. तिसऱ्या फोटोत बोटांनी पानाची कड धरली होती. चौथ्यात पान कडेपासून थोडं दुमडलं होतं. त्याच्या पुढच्यात आणखी थोडं. खिडकीचा पडदा बाजूला करून आत डोकवायचं असेल तर माणूस जसा आधी एका कडेने तो उचलून बघतो, तसं.

शेवटच्या फोटोत पान अर्धं उचललेलं होतं. उचललेल्या जागेत फक्त ऊन होतं. पांढरं, रिकामं.

"अक्का," मल्लप्पा म्हणाला, "मी चारचौघांत असलं बोलणार नाही. मला हसतील. पण वेल काढून टाका. भोपळा बाजारात मिळतोय."

"आणि प्रदर्शन?"

"आधीचे आहेत की. छान आहेत."

दाक्षायणी बसून ते फोटो पुन्हापुन्हा बघत होती. तिला भीती वाटत नव्हती असं नाही. पण तिला त्याहून जास्त काही वाटत होतं ते म्हणजे राग. आजवर तिला प्रत्येकाने सांगितलं होतं, बघू नकोस, कशाला बघतेस, पुस्तकात आहे तेवढं पुरे. आता मल्लप्पाही तेच सांगत होता.

"मी शिकवते काय, मल्लप्पा? जे दिसतं ते नीट बघा, आणि कळलं नाही तर पुन्हा बघा. मुलांना रोज हे सांगायचं आणि माझ्या परसात मीच तोंड फिरवायचं? सावली आहे म्हणजे काहीतरी आहे. ते काय आहे ते मी बघणार."

"आणि त्याला तुम्हाला बघायचं असेल तर?"

तिने फोटो गोळा केले, पिशवीत घातले आणि नवा रोल मागितला. मल्लप्पाने तो दिला, पण तिच्या हातात ठेवला नाही, काउंटरवर ठेवला.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ धुतल्यासारखं होतं. दाक्षायणीने एक मोठं, सरळ पान निवडलं. तिने ठरवलं होतं ते साधं होतं. वेलातल्या फटीतून डावा हात पलीकडे घालायचा, पानामागे धरायचा आणि फोटो काढायचा. मग आपल्या बोटांची सावली आणि ती सावली शेजारी ठेवून बघायची. लांबी, जाडी, अंतर. मोजता येतं ते समजता येतं.

तिने काळं कापड डोक्यावर ओढलं. उजव्या हातात केबल. डावा हात पानाआडून पलीकडे. हाताच्या पाठीवर कोवळं ऊन पडलं, ऊबदार. चौकटीत तिची चार बोटं पानावर उमटली, मधोमध, नीट. त्यांच्यामधल्या फटींतून पानाचा उजेड दिसत होता. तिने बोटं थोडी फाकवली. उजेड वाढला.

माग चालू होते. गंगम्मा शेंगा सोलत होती. शेंगेचा तो बारीक कडकड आवाज ऐकू येत होता.

दाक्षायणीने श्वास रोखला. केबल दाबणार, तोच तिच्या बोटांमधल्या फटी बुजल्या.

एकदम नाही. खालून वर, सावकाश. एकेका फटीतून एकेक बोट शिरत गेलं, जसं कुणी आपल्या बोटांत बोटं गुंफून हात हातात घेतं. या वेळी ते आरसा उचलायची वाट बघत थांबलं नव्हतं. ती बघत होती आणि ते चाललं होतं. हाताला कशाचाही स्पर्श नव्हता. फक्त हाताच्या पाठीवरचं ऊन गेलं.

तिने हात मागे घेतला. तो आला नाही. कुणी घट्ट धरल्याचं जाणवत नव्हतं, ओढ नव्हती, दुखत नव्हतं. नुसता हात येत नव्हता.

"बर्री," मागून गंगम्मा म्हणाली. "या की. असं भायेर किती येळ."

बाज करकरली.

"अव्वा, बसून राहा."

गंगम्मा उठली होती. कापडाआडून दाक्षायणीला तिची पावलं तेवढी ऐकू येत होती. घासत, सावकाश, पण थांबत नव्हती. ती वेलाच्या टोकाकडे चालली होती. तिथे ताटी संपत होती आणि ताटीबरोबर जमीनही.

"अव्वा, पुढे खाण आहे. थांब."

"आलेल्याला सामोरं जाऊ नये व्हय गं?"

दाक्षायणीने सगळा जोर लावून हात ओढला. उजवी मूठ आवळली गेली आणि केबल दाबली गेली. खट्. चौकट काळी झाली. त्याच मुठीने तिने डोक्यावरचं कापड उपसलं आणि ताटीवरून पलीकडे भिरकावलं. कापड वेलाच्या पाठीवर पडलं. पानातला उजेड विझला. आणि डावा हात एकदम मोकळा झाला, इतका की ती मागे धडपडली.

धडपडली तशीच धावली. गंगम्माचा पदर तिच्या मुठीत आला तेव्हा म्हातारीचं एक पाऊल कड्याच्या बाहेर होतं. पायाखालचा एक दगड सुटला. तो पाण्यात पडल्याचा आवाज बऱ्याच वेळाने आला.

दोघी मातीत बसल्या. गंगम्मा धापा टाकत होती, पण घाबरलेली नव्हती. तिला काय झालं ते कळलंच नव्हतं.

"तिकडे जमीन नाही, अव्वा," दाक्षायणी म्हणाली.

गंगम्माने पांढरे झालेले डोळे तिच्याकडे वळवले. "मग त्ये कशावर हुबं हुतं?"

६

दाक्षायणीने आईला आत नेलं, तोंडावर पाणी मारलं, चहा दिला. मग विळा घेऊन परसात आली आणि वेल बुडापासून कापला. ताटीवरून ओढून काढला. फुलं, कोवळे भोपळे, सगळं. ताटीही उपटली आणि बांबू कड्याच्या काठाशी आडवे टाकून त्यांवर बाभळीची काटेरी फांदी ठेवली. प्रदर्शनाला पुरतील एवढे फोटो आधीच झाले होते. तिला बघायचं होतं ते तिने बघितलं. आता आईपुढे बाकी सगळं बाजूला.

उघड्या परसात ऊन सरळ भिंतीपर्यंत आलं. आता मध्ये काहीच नव्हतं. तिला बरं वाटलं.

परसाचं दार आतून लावून ती कॉलेजला गेली. तास घेतले. पण रोल पर्समध्ये होता आणि शेवटचा फोटो त्यात होता. दुपारी ती सरळ सात रस्त्याला गेली.

मल्लप्पाने नाही म्हटलं नाही. तिच्याकडे एकदा बघितलं आणि आत गेला. ती बाहेर बाकावर बसली. समोर रस्त्यावर टांगे, सायकली, एस. टी. गाठायला धावणारी माणसं. सगळं रोजच्यासारखं. मल्लप्पाने फोटो आणला तो उलटा धरून.

"एकच आहे," तो म्हणाला. "बाकी रोल कोरा."

तिने फोटो सुलटा केला. मधोमध पान होतं आणि पानावर तिची चार बोटं, सावलीत, स्पष्ट. फटी मोकळ्या होत्या. दुसरी बोटं पानावर नव्हती.

तिने सुटकेचा श्वास सोडला. "गेलं," ती म्हणाली.

मल्लप्पाने फोटोच्या उजव्या बाजूवर बोट ठेवलं. तिथे एक काळा पट्टा होता. जाड, धूसर, कडा नसलेला. खालून वर गेलेला आणि वरच्या टोकाशी फाटे फुटलेला. दाक्षायणीला ते कापड वाटलं. डोक्यावरून ओढताना भिंगापुढे आलं असेल.

"कापड नव्हे," मल्लप्पा म्हणाला. तिने काही विचारायच्या आत. "मी ते मोठं करून बघितलं, अक्का. कापडाला पेरं नसतात." "तुम्हीच मला सांगितलंय. इतक्या जवळून काढलं की पान तेवढं रेखीव येतं. पानाच्या मागचं असो की पुढचं, सगळं धुरकट. आधीची सगळी बोटं पानावर पडलेली सावली होती, म्हणून रेखीव. हे रेखीव नाही. आणि हे पानाला झाकतंय. बघा, शिरा ह्याच्या खाली गेल्यात."

दाक्षायणी बघत होती. शिरा त्या पट्ट्यापाशी येऊन लुप्त होत होत्या आणि त्याच्या पलीकडून पुन्हा निघत होत्या.

"हे पानाच्या पलीकडं नाही," मल्लप्पा म्हणाला. "अलीकडं आहे."

ती उठली. कापड टाकलं तेव्हा हात का सुटला, हे तिला आता कळलं. उजेड गेला म्हणून सुटला नव्हता. धरणारा अलीकडे आला होता, त्याला तिथे थांबायचं काही कारणच उरलं नव्हतं.

आणि ते दोघींच्या मागोमाग घरात शिरलं असेल, तर परसाचं दार आतून लावून तिने त्याला आईसोबत कोंडलं होतं.

७

टांगेवाल्याला तिने जोरात हाकायला सांगितलं. गल्लीच्या तोंडाशीच उतरली, कारण पुढे वाटेवर सुताचे ताणे वाळत घातले होते. माग चालू होते. शेजारच्या तेलुगू घरातली बाई उंबऱ्यात सुताच्या कांड्या भरत बसली होती. ती रोजच्यासारखी हसली. दाक्षायणी जवळजवळ पळत होती, पण दाराशी आल्यावर थांबली. श्वास सावरला. मग कडी काढून आत पाऊल टाकलं.

ती पुढची खोली. एकच खिडकी, पश्चिमेची, गल्लीकडे तोंड केलेली. सकाळी ही खोली अंधारी असायची. आता उतरतं ऊन खिडकीतून तिरपं आत आलं होतं आणि समोरची चुन्याची भिंत पिवळीधमक झाली होती.

गंगम्मा सतरंजीवर बसली होती. पाठ खिडकीकडे, तोंड भिंतीकडे. अंगावर धुतलेलं लुगडं, कपाळाला ताजी विभूती. शेजारी तिने पाट मांडला होता. पाटापुढे पाण्याचा तांब्या आणि भांडं. आंधळ्या हातांनी केलेलं असूनही सगळं जागच्या जागी, पाणीही सांडलेलं नव्हतं. पाट रिकामा होता.

"अव्वा."

"आलीस व्हय." गंगम्मा प्रसन्न होती. मग आवाज खाली घेऊन, पाहुण्याला ऐकू जाऊ नये म्हणून बायका बोलतात तसं म्हणाली, "बंदार. मी म्हनलं, कूडरी. कूतार."

आलेत. बसा म्हटलं. बसलेत.

दाक्षायणीने भिंतीकडे पाहिलं. खिडकीच्या गजांची सावली तिथे पडली होती, लांबलेली. गजांच्या मध्ये गंगम्माची सावली. ओणवा खांदा, डोक्यावरचा पदर. दारात उभ्या असलेल्या तिची स्वतःची, उंच, भिंतीच्या कडेला. आणि गंगम्माच्या लगत, त्या रिकाम्या पाटाच्या वर, आणखी एक. बसलेली. ताठ. मांडीवर ठेवलेले हात, आणि त्या हातांची लांब बोटं.

खोलीत आवाज नव्हता. मागांची खटखट भिंतीतून येत होती, पण ती जणू दुसऱ्या कुठल्या गावातून.

तिची पहिली ओढ खिडकीकडे होती. दोन पावलं टाकायची, फळ्या लावायच्या, की ऊन जाईल आणि भिंत कोरी होईल. हात पुढे झालाही होता. तो तिने आवरला. ऊन गेलं म्हणून ते गेलं नसतं. दिसेनासं झालं असतं, एवढंच. अंधारात ते आईच्या शेजारी बसलेलं असतं आणि तिला कळलं नसतं कुठे, किती जवळ. निदान आता कळत होतं. सूर्य होता तोवर ते तिच्या नजरेत होतं.

भिंतीवर ती सावली किंचित हलली. मांडीवरचा एक हात उचलला गेला आणि गंगम्माच्या सावलीच्या खांद्याकडे निघाला. घाई नव्हती.

दाक्षायणीने चपला काढल्या. खोली ओलांडली. आई आणि पाट यांच्यामध्ये जेमतेम माणूसभर जागा होती, तिच्यात ती खाली बसली, आईला खेटून, मांडी घालून. भिंतीवर तिची सावली त्या दोन सावल्यांच्या मध्ये आली. उचललेला हात होता तिथेच थांबला.

"दाक्षी, पाव्हन्याच्या अंगावर बसतीस की," गंगम्मा पुटपुटली.

"असू दे, अव्वा." तिने आईचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. डोळे भिंतीवरून काढले नाहीत. "मी इथेच बसते."

सूर्य मावळायला अजून बराच वेळ होता.